डोमाजीचा तोल

संघमित्रा मॅडमच्या शिकवणीचा एकच कायदा होता: मेंदू नीट पाहून होईपर्यंत केसपेपर टेबलावर पालथा राहील. मोठ्या शहरात तीस वर्षं मज्जासंस्थेच्या रोगांचं निदान शिकवून ही बाई निवृत्त झाली आणि सरळ मध्य प्रदेशातल्या आपल्या बालाघाटला परतली. इथल्या एका धर्मादाय रुग्णालयात तीन-तीन महिन्यांसाठी येणाऱ्या निवासी डॉक्टरांना ती दर गुरुवारी मेंदू बघायला शिकवायची. अशी माणसं शोधून सापडत नाहीत, आणि सापडली तरी त्यांच्या हाताखाली टिकणं सोपं नसतं.

लालबर्र्याची श्रुतिका त्या तुकडीत सगळ्यांत हुशार. हुशार माणसाला घाई फार. मॅडम यायच्या आत तिने कागदाचं टोक हळूच उचललं. 'चालताना झोकांड्या. दारूचं व्यसन. माहिती शेजाऱ्याकडून.' झालं, निदान हातात आलं!

ट्रेमध्ये होता डोमाजीचा मेंदू, तीन आठवडे फॉर्मलिनमध्ये राहून घट्ट झालेला. डोमाजी रामपायलीच्या अलीकडच्या एका गावातला. भजनमंडळात मृदंग वाजवायचा. पाय अडखळू लागले, जीभ जड झाली, तसं मंडळाने त्याला 'पिऊन येतो' म्हणून उठवलं. पुढे चार वर्षांनी तो गेला, तेव्हा त्याच्या बायकोने, गोदाबाईने, आपण होऊन त्याचा मेंदू डॉक्टरांच्या हवाली केला. "कापून पाहा," ती म्हणाली होती, "अन् मले सांगा, माह्या माणसाले काय झालतं."

"लहान मेंदू आक्रसलाय," श्रुतिका म्हणाली. "दारूचा परिणाम."

मॅडमनी चष्मा पुसला. "पाहून सांगून राह्यली का वाचून?"

श्रुतिकाचे कान तापले. थाप मारता आली असती, पण या बाईसमोर जीभ वळेना.

"वाचून," ती म्हणाली.

बोलणी बसतील म्हणून तिने मान खाली घातली. मॅडमनी मात्र स्टूल ओढून तिच्यापुढे ठेवलं.

"बस. दारू लहान मेंदूले कुठं खाते?"

"वरती, मधल्या पट्ट्यात."

"अन् बाजू?"

"बऱ्यापैकी वाचतात."

"मंग पाह्य आता."

श्रुतिकाने पाहिलं, बोटाने चाचपलं, पुन्हा पाहिलं. दोन्ही बाजू सुकल्या होत्या. खाली मेंदूच्या खोडाचा फुगवटा भरदार असायला हवा, तो चपटा पडला होता. दारू असं करत नाही. हे तिला दीड वर्षापासून तोंडपाठ होतं, आणि तरी समोर असताना दिसलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

मॅडमनी तेव्हाही आजाराचं नाव घेतलं नाही. मेंदूच्या पातळ कापांच्या काचपट्ट्या तयार व्हायला आठ दिवस लागले. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींमधले, आजाराची खूण असलेले गोळे श्रुतिकाने स्वतः शोधले, स्वतः मोजले, आणि मग रिपोर्ट लिहिला. हळूहळू तोल आणि बोलणं हिरावून घेणारा दुर्मीळ आजार. दारूमुळे तो होत नाही.

गोदाबाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मले कायले सांगता, बाई? मी त त्याच्यासंग अठ्ठावीस वर्षं राह्यली. मले माहीतच होतं. मंडळाले सांगा."

रिपोर्ट दिला की डॉक्टरचं काम संपतं, असं श्रुतिकाला वाटत होतं. मॅडमनी गाडीची किल्ली उचलली. "चाल," त्या म्हणाल्या. बाईचं मोठेपण श्रुतिकाला खरं कळलं ते तेव्हा.

डोमाजीच्या गावच्या देवळात भजनाची मंडळी सतरंजीवर बसली होती, गोदाबाईही आली होती, माइक लागला होता. श्रुतिका उभी राहिली. घरची मराठी ऐन वेळी दगा देत होती, मधूनच हिंदी येत होती.

"ते दारू प्यायचे की नाही, हे मेंदू सांगत नाही. उनका जो संतुलन गया, तो बीमारी से गया. दारूने नाही. हे मी पाहून सांगते. आधी मीसुद्धा न पाहता दारूच म्हटलं होतं."

मग मंडळाचा म्होरक्या प्रेमलाल, डोमाजीचा शेजारी, खालमानेने बोलला.

"दवाखान्यात ते मीच सांगतलं होतं, वयनी. त्याले पेताना मी कधी पाह्यलं नाही."

गोदाबाई उठून पुढे आली. "चार वर्षं तो घरी मांडीवर ताल धरत होता, भाऊ. हात चुकत होते म्हणून रडे. तुमी इथं म्हणत होते, पिऊन पडला असन." तिने माइककडे बोट दाखवलं. "आता तूच सांग. साऱ्या गावाले."

प्रेमलालने माइक हातात घेतला. बाहेर देवळाच्या छपरावरचा भोंगा खरखरला.

"डोमाजी... आपला डोमाजी पेलेला नव्हता," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला.

"पुन्हा म्हण," गोदाबाई म्हणाली.