बॅटरी संपेपर्यंत

मुलगी महिन्याच्या पहिल्या रविवारी यायची. अकराला यायची आणि साडेअकराला उठायची. दातांची डॉक्टर ती. पेशंटला अर्धा तास, बापालाही अर्धा तास, भेदभाव नाही. चहा घ्यायची, गोळ्या वेळेवर घेता ना विचारायची, फ्रीज उघडून नाक मुरडायची आणि एखादं पातेलं रिकामं करायला लावायची. मग दोघं गप्प. एकतीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला घरात बसून बोलायचं काय असतं, हे कधी कळलंच नव्हतं. ते काम बायको करायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि साडेअकरानंतरचा रविवार त्याला खायला उठायचा.

असाच एक रविवार खायला उठलेला असताना तो स्टुलावर चढला आणि कपाटावरचं सामान उपसू लागला. सगळ्यात मागे ते खोकं सापडलं. रिमोटवर चालणारा लाल ट्रक, हातभर लांब. मुलगी नऊ वर्षांची असताना एका लांबच्या ट्रिपवरून त्याने आणला होता. तेव्हा आख्ख्या गल्लीत तसला दुसरा नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पुढच्या ट्रिपला गेला. पोरगी खेळली की नाही, हे विचारायचं राहून गेलं. राहिलं ते राहिलंच.

आणि त्याच्या डोक्यात आलं, हा चालू केला तर? पोरीला लहानपण आठवेल, दोन गोष्टी निघतील, अर्ध्या तासाचा एक तास होईल. त्याला एवढंच हवं होतं. एक तास.

जेवणाच्या टेबलावर जुने पेपर पसरून त्याने ट्रक उघडला. बॅटरी फुटून आत हिरवी बुरशी धरली होती, ती त्याने व्हिनेगर आणि जुन्या टूथब्रशने घासली. मोटरचे कार्बन झिजून नखाएवढे उरले होते, गिअरमधलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. असल्या खेळण्यांचं दुकान चालवणारा एक जण शोधून काढला, तर तो चष्मा कपाळावर सारून म्हणाला, "आजोबा, हे म्युझियमला देऊन टाका."

"म्युझियममध्ये मीच जाणार आहे थोड्या दिवसांनी. तोवर हा चालू करून द्या."

दुकानदार हसला. नवी मोटर दिली, नवे टायर दिले, आणि बॅटरी देताना म्हणाला, "तुमची जुनी फार तर पंधरा मिनिटं चालत असेल. ही दीड तास पळते."

आता दुरुस्त झाला होता, तर गप्प बसावं की नाही? पण नाही. हात शिवशिवत होते. लाल रंग खरवडून त्याने ट्रकला बाटलीसारखा हिरवा रंग दिला आणि केबिनवर पिवळा पट्टा ओढला, कारण त्याचा स्वतःचा ट्रक तसा होता. फाटक्या रेनकोटची ताडपत्री शिवली. सायकलच्या ट्यूबमधून चिखल अडवायच्या पट्ट्या कापल्या. खऱ्या ट्रकच्या डाव्या दाराला पोचा होता, म्हणून याच्याही दाराला चमचा तापवून पोचा पाडला. चांगल्या वस्तूला मुद्दाम पोचा पाडणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. त्याने त्या दिवशी तीन वेळा चमचा तापवला, कारण पोचा मनासारखा येईना.

टायर बदलताना मात्र तो थबकला. डाव्या बाजूचे टायर जवळजवळ कोरे, आणि उजव्या बाजूचे बाहेरच्या कडेने पार गुळगुळीत. हातच्या काकणाला आरसा कशाला! टायर बघून गाडीचा आजार सांगण्यात त्याचा हात धरणारा त्या काळी कुणी नव्हता. अलाइनमेंट गेलंय, त्याने निदान केलं. चाकं वाकडी बसली आहेत. मागच्या टायरचीही तीच कड का गेली, हा प्रश्न एकदा मनात आला, पण निदान झालं होतं, आणि झालेलं निदान बदलायची त्याला सवय नव्हती. तीन दिवस खपून त्याने स्टिअरिंगचा दांडा कापून आखूड केला. जुने टायर डब्यात टाकून ठेवले. ड्रायव्हर टायर फेकत नाही.

आणि दांडा कापल्यापासून ट्रक सरळ जाईना. उजवीकडे ओढायचा. त्याने ट्रकला शिव्या घातल्या, दुकानदाराला घातल्या, दांड्याला घातल्या. स्वतःला सोडून सगळ्यांना घातल्या. पण मनातून खूश होता. टायर एवढे झिजले म्हणजे पोरगी खूप खेळली होती. आपण नसताना आपण आणलेला ट्रक ती चालवत बसायची. हे कुणी आपल्याला आधी का सांगितलं नाही, असं त्याला वाटलं.

रविवारी अकराला मुलगी आली. चहा झाला, गोळ्या झाल्या. ती फ्रीजकडे निघाली तेव्हा त्याने टेबलाखालून ट्रक बाहेर काढला.

ती बघतच राहिली. "हा तो लाल?"

"होय. आपल्या ट्रकसारखा केलाय. दार बघ, दार."

तिने दाराच्या पोच्यावरून बोट फिरवलं. त्याने घाईघाईने रिमोटची लांब दांडी ओढली आणि कळ दाबली. ट्रक सुटला, उजवीकडे वळला आणि फ्रीजच्या पायावर जाऊन आदळला. मुलगी खळखळून हसली. ती या घरात शेवटची कधी हसली होती, ते त्याला आठवेना.

"अलाइनमेंटचा लोचा आहे," तो ओशाळून म्हणाला. "पहिल्यापासूनच असणार. तू चालवायचीस तेव्हाही त्रास देत असेल ना? हे बघ टायर, एकाच बाजूने गेलेत. किती खेळलीस गं तू."

त्याने डबा पुढे केला. तिने एक झिजका टायर उचलला आणि हसायची थांबली.

"बाबा, मी दोन आठवडे खेळले असेन. मग मला कंटाळा आला."

"मग हे?"

"आई चालवायची."

त्याने हातातला डबा टेबलावर ठेवला.

"कामावरून आली की या खुर्चीत बसायची आणि टेबलाभोवती फिरवायची. नेहमी डावीकडे. इथून डावीकडे वळलं की आधी घराचं दार लागतं, म्हणून. अलाइनमेंट बिलाइनमेंट काही नाही." तिने टायर टेबलावर ठेवला. "बॅटरी संपून ट्रक थांबला की म्हणायची, पोचले बाई एकदाचे. मग उचलून दाराशी ठेवायची, तोंड घरात करून. मग आम्ही जेवायला बसायचो. तुम्ही ट्रिपवर असलात की रोज. दोन-तीन बॅटऱ्या बदलल्या तिने."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं त्याचं झालं होतं. कापलेला दांडा त्याच्या डोळ्यांसमोर आला.

"मला कधी बोलली नाही," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलंत कधी?" तिचा आवाज चढला, मग तिनेच तो खाली आणला. "तुम्ही रिटायर झालात त्या दिवशी तिने खोक्यात भरला. म्हणाली, आता काय गरज. नंतर सहा वर्षं तुम्ही घरी होतात. टीव्ही बघत होतात. एकदा मी तिला विचारलं, काढू का गं ट्रक खाली? तर नुसती हसली."

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. एकतीस वर्षांत घाटात, धुक्यात, मागे भरलेला माल घेऊन त्याला कधी भीती वाटली नव्हती, ती आता आपल्याच स्वयंपाकघरात वाटली. "मला वाटायचं ती मजेत आहे," एवढंच तो म्हणाला.

"होती मजेत. पण वाट बघायची."

मग ती बरंच बोलली. आई ट्रकला एवढ्या वेगाने वळू नको म्हणून दटावायची ते, पाहुणे आले की पदराखाली रिमोट लपवायची ते. तो ऐकत होता. घड्याळाकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. तिने बघितलं तेव्हा एक वाजून गेला होता, आणि ती दचकून उठली. त्याला एक तास हवा होता, दोन मिळाले.

दाराशी त्याने ट्रक पुढे केला. "घेऊन जा. तुझ्यासाठीच केला होता."

"नको, बाबा. हा माझा कधी नव्हताच." चप्पल घालताना ती थांबली. "लाल होता तेव्हा छान दिसायचा," ती म्हणाली आणि गेली.

त्याने पेपर पुन्हा पसरले. कापलेल्या दांड्याला तार गुंडाळून तो होता तेवढा लांब केला. नवे टायर काढून डब्यातले झिजके चढवले, उजवे उजवीकडे, डावे डावीकडे. रंगाचं काही करता येणार नव्हतं. मग तो बायकोच्या खुर्चीत बसला. एवढ्या वर्षांत या खुर्चीत तो कधी बसला नव्हता. इथून दार अगदी समोर दिसतं, हेही त्याला आज कळलं.

त्याने कळ डावीकडे दाबली. ट्रक आता कुठेही ओढला नाही. टेबलाला वळसा घालून दारावरून गेला, फ्रीजपाशी वळला, पुन्हा दारावरून गेला. पंधरा मिनिटं झाली. त्याने मनाशी म्हटलं, आता थांबेल. मग उचलून दाराशी ठेवायचा, तोंड घरात करून, आणि जेवायला बसायचं.

अर्धा तास झाला. बंद करायचं बटण अंगठ्याखालीच होतं, पण ती कधी बटण दाबत नव्हती. बॅटरी संपल्याशिवाय पोचले म्हणायचं नाही, असा तिचा नियम होता. आणि ही बॅटरी त्याने स्वतः निवडून आणली होती, दीड तासाची.

पाऊण तास झाला. हिरवा ट्रक दारापर्यंत आला आणि पुढे गेला.