दोन कामांचे दोन संसार

बार्शीहून फोन आला तेव्हा गोपाळ शाळेत सातवीला गणित शिकवत होता. त्याची बायको गोदावरी एसटीतून उतरताच कोसळली होती. दवाखान्यात नेईपर्यंत संपली.

गोदावरी सोलापुरात घरी बसून प्रोग्राम लिहायची. एक माढ्याकडच्या दूध संकलन केंद्राचा, दुसरा उजनीकाठच्या केळीवाल्यांचा. महिन्याभराने गोपाळने तिचा लॅपटॉप आवरायला घेतला. दोन्ही कामांच्या फोल्डरमध्ये प्रोग्रामला लागणाऱ्या तयार फायलींचं, सारख्याच नावांचं सामान दिसलं. एका घरात दोन चुली कशाला, म्हणून त्याने केळीच्या फोल्डरमधलं सामान ठेवलं आणि दुधाच्या फोल्डरमधलं पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दूध केंद्राच्या सिद्धनाथचा फोन आला. "सर, आमचा कंप्युटर जळला बगा. नवा आणलाय, त्यावर म्याडमचा तो दुधाचा प्रोग्राम टाकून द्या की. सकाळी दूध तर येणारच हाय."

गोपाळने मेहुणीला, श्रावणीला बोलावलं. तीही याच कामातली. तिने दुधाचा प्रोग्राम चालवला. तो पहिल्याच ओळीला अडला.

"दाजी, काय केलंत?"

"तेच सामान दोनदा होतं. एक काढलं."

"अहो, नाव एक, पण आवृत्ती वेगळी! दुधाच्या प्रोग्रामला जुनी लागते, केळीच्या प्रोग्रामला नवी. तुमच्या वर्गात दोन अनीश असले तर एकाला घरी धाडता व्हय?"

गोपाळचं तोंड उतरलं. गोदावरीची एवढ्या वर्षांची मेहनत आपण घालवली, असं त्याला वाटलं.

श्रावणीने फोल्डर पुन्हा बघितलं आणि हसली. "घाबरू नका. कुठल्या कामाला कुठली आवृत्ती, हे ताईने शेवटच्या आकड्यापर्यंत नोंदवून ठेवलंय. सामान गेलं तरी इंटरनेटवरून परत आणता येतं. आम्ही याचा कंटाळा करतो. तिने कधी केला नाही."

तिने एक आज्ञा दिली. लॅपटॉपने जुनं सामान, नेमकं तेच, एकेक करून उतरवून घेतलं. केळीच्या कामाला धक्का लागला नाही. मग केंद्राच्या नव्या कंप्युटरवरही तिने इथूनच प्रोग्राम टाकून तसंच केलं.

सकाळी सिद्धनाथचा फोन आला. "चाललं बगा सर! म्हशीच्या दुधाचा दर बराब्बर लागला. म्याडम लई पक्क्या."

"होतीच तशी," गोपाळ म्हणाला. शाळेत गेल्यावर त्याने हे सगळ्या शिक्षकांना सांगितलं. कुणाला फारसं कळलं नाही. त्याने मधल्या सुट्टीत पुन्हा सांगितलं.

केळीचा प्रोग्राम मात्र घडांचं वजन घेतो आणि थांबतो. त्यापुढचा, पैशांच्या हिशोबाचा भाग गोदावरीने लिहिलेला नाही. तो लिहायचा राहिला आहे.