मास्क पोहोचले, मास्तर राहिले

मी एक जुनी मापाची टेप आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात, हे मला ठाऊक आहे. मी टाकणार नाही. माझं डोकं अजून तापलेलं आहे.

कारखान्यात माझ्यावर आकडे छापले, दोन्ही टोकांना पितळी पत्रे बसवले आणि मी एका टेलरमास्तरांच्या गळ्यात येऊन पडले. छोटंसं दुकान, एक मशीन, एक इस्त्री. मास्तर शब्दाचे पक्के. गिऱ्हाइकाला शनिवार सांगितला म्हणजे शनिवार! लोक त्यांचं कौतुक करायचे, तेव्हा मीही थोडा भाव खाऊन घ्यायचे.

त्यांच्या बायकोला परदेशातल्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली. तीन वर्षांच्या लेकीला घेऊन ती निघाली. "तुम्हीही चला ना बरोबर," असं तिनं परोपरीनं सांगितलं. पण दुकानात लग्नाचे कोट शिवायचे पडले होते.

"लोकांची कामं अर्धवट टाकून कसा येऊ? एवढे कोट झाले की आलोच मागोमाग," मास्तर म्हणाले.

कोट झाले आणि साथ आली. विमानं थांबली, लग्नं पुढे ढकलली गेली. ज्यांच्यासाठी मास्तर मागे राहिले, त्यांच्यापैकी एकही जण कोट न्यायला फिरकला नाही. मग दुकानात मास्क शिवायचं काम आलं. मास्तरांनी मान मोडून मास्क शिवले. खोकी भरली, शिक्के बसले, खोकी विमानात बसून गेली. आणि गेली कुठे? लेक होती त्याच देशात! मास्क अत्यावश्यक. ते शिवणारा बाप मात्र नाही.

मास्तर परवानगी मागायला गेले, तेव्हा घाईत मी त्यांच्या गळ्यातच राहिले होते. काचेमागच्या साहेबांनी विचारलं, "कशासाठी जायचंय?"

"मुलगी तिकडे आहे, साहेब. लहान आहे."

"आजारी आहे का?"

"नाही हो, ठणठणीत आहे."

"मग नाही बसत नियमात. पुढचे या."

पुढच्या गृहस्थांना शर्यतीचा घोडा परदेशी न्यायचा होता. त्यांचं काम चुटकीसरशी झालं. मास्तर बाहेर पायरीवर येऊन म्हणाले, "म्हणजे पोर आजारी पडायची वाट बघू की काय?" साथ खरी होती, माणसं मरत होती, नियम हवेच होते. तेवढं मलाही कळतं. पण ज्या नियमात घोडा बसतो आणि बाप बसत नाही, तो कुठल्या शहाण्यानं बेतला?

पुष्कळ खेटे घातल्यावर परवानगी मिळाली. विमानतळावर मास्तरांची कात्री काढून घेतली, मी वाचले. तिकडे पोहोचताच त्यांना एका खोलीत बंद करून ठेवलं. खिडकी उघडायची नाही, जेवण दाराबाहेर. लेक त्याच गावात राहत होती, आणि मास्तर मला घेऊन पलंगाचं माप काढत बसायचे. पलंगाला काय सदरा शिवणार होते?

शेवटी घराचं दार उघडलं. आईच्या मागे लेक उभी होती, चांगली उंच झालेली. तिनं दोन्ही हातांनी मास्क नाकावर ओढला आणि तळवा पुढे केला.

"बाबा, तिथेच थांब. लांब."

आणि मास्तर थांबले! चक्क एक पाऊल मागे सरले. इतके दिवस हुकूम ऐकून माणसाची काय दशा होते बघा.

"अहो, मागे काय सरताय? लेक आहे तुमची!" बायको ओरडली. मग लेकीकडे वळून म्हणाली, "अगं, बाबा आलाय ना!"

"माहितीये," लेक म्हणाली. "पण लांब."

मास्तर दारातच खाली बसले आणि मास्कआड रडले. पोरीचं काय चुकलं? शिकवलं तेच तिनं शहाण्यासारखं केलं. तिच्यावर मी कशी रागावू?

बऱ्याच दिवसांनी ती आपणहून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला फ्रॉक शिव." मास्तरांनी मला तिच्या खांद्यावर धरलं. मी गुडघ्यापर्यंत सोडली गेले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एक माप तीनदा घ्यावं लागलं, कारण डोळे भरल्यामुळे आकडा दिसेना.

मित्रांनो, माझी निगा राखा, असं मी म्हणणार नाही. मी झिजले तर बाजारात दुसरी मिळेल. पण ही पोर जेवढी वाढली, तेवढी वाढ तिच्या बापानं पाहिली नाही, आणि ती आता कुणीही भरून देणार नाही. तुम्ही मोठे व्हाल. पुन्हा असा काळ आला आणि मोठी माणसं काय आवश्यक, काय अनावश्यक हे ठरवायला बसली, तर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहा. विचारा, "यात लेकराचा बाप कुठे आहे?" आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.