घोंगडं ओठांवर बसलं

कार्टून मालिकेचे मराठी संवाद लिहिण्यातून मला तीन गोष्टी मिळण्यासारख्या होत्या. एक, पुढच्या पर्वाचं काम. दुसरी, स्टुडिओत पाठ टेकायला खुर्ची. आजवर मी स्टुलावरच बसत आलो. तिसरी म्हणजे शाळकरी लेकीच्या नजरेत थोडीफार किंमत. ती तर मी आधीच जमेस धरून टाकली होती.

मालिकेत पाच पोरंपोरी, सगळी अचाट शक्तीची. कोणी आग ओकतं, कोणी भिंतीतून आरपार जातं, आणि माझ्या हातून उतरली की पाचही निवृत्त मुख्याध्यापकांसारखी बोलतात. डबिंगची दिग्दर्शिका म्हणाली, "काका, ही पोरं शहर वाचवायला निघालीत की सत्कार समारंभाला? शेवटचा भाग जमला तर पुढचं पर्व तुमचं. नाहीतर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल."

शेवटच्या भागात आग ओकणारी पोरगी एका अजस्र यंत्रावर झेप घेते आणि ओरडते. तिचे ओठ आधी गोल होतात, मग दोनदा सताड उघडतात. शब्द त्या ओठांवर बसायला हवा. 'हल्लाबोल' घालून पाहिलं. 'ब'ला ओठ मिटतात, आणि हिचं तोंड आ वासलेलं.

त्याच संध्याकाळी लेकीच्या मैत्रिणी तिच्या खोलीत जमल्या होत्या. आमच्या दाराची घंटा कधीची बंद, त्यामुळे त्या खालूनच हाका मारत वर येतात. मी उगाच त्या खोलीच्या दाराशी घुटमळलो. आतून कोणीतरी म्हणालं, "घोंगडं!" आणि एकदम खसखस पिकली, मग चिडीचूप. घों, गोल. ग, डं, उघडे. मला नाचावंसं वाटलं.

जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्यात घोंगडं म्हणजे काय गं?"

लेकीला ठसका लागला. "म्हणजे... भारी. एकदम जबरदस्त."

बायको पाणी आणायला उठली ती पाठमोरीच उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, तिलाही ठसका लागला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी लेकीने टेबलावरचे माझे कागद पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, हा शब्द काढ."

"का? ओठांवर चपखल बसलाय."

"काढ ना, प्लीज."

"तूच म्हणालीस, जबरदस्त!"

"अरे, घोंगडं म्हणजे तू!" ती म्हणाली. "घंटेचं घोंगडं किती दिवस भिजत ठेवलंयस? म्हणून तुझं नावच पडलं. तू जवळपास दिसलास की एकीने घोंगडं म्हणायचं आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं. आमच्यातला शब्द आहे तो. त्यांना वाटेल, मीच फोडला."

दुसऱ्या कुठल्याही बापाने कागद फाडला असता. मी हिशेब केला. अपमान होऊन गेला होता, तो काही परत घेता येत नव्हता. शब्द मात्र अजून कामाचा होता.

"त्या कुठे कार्टून बघतात!" म्हणत मी चपला चढवल्या.

त्या बघत होत्या. आणखीही बरेच जण बघत होते. भाग लागला आणि जिन्यावरून उड्या मारणारं प्रत्येक पोर 'घोंगडं!' ओरडायला लागलं. प्रत्यक्षात नळ टपकला तरी न उठणारा मी, गल्लोगल्ली शहर वाचवत फिरत होतो.

मैत्रिणींनी लेकीला एवढंच विचारलं, "घरी अजून काय काय सांगतेस गं?" मग खालून हाका यायच्या थांबल्या.

तेव्हा कुठे मी घंटा उघडली. एक वायर सुटली होती, बाकी काही नाही. जोडली आणि बाहेर जाऊन बटण दाबून पाहिलं. लेक खोलीतून धावत आली. तिने दार उघडलं, मला पाहिलं आणि आत गेली.

पुढचं पर्व मला मिळालं. खुर्चीही मिळाली, पाठीला छान आहे. नाव माझं गाजलं. किंमत तेवढी लेकीने भरली.