सात वाजताची किटली

मला विल्मारच्या मुलीचा राग नव्हता, तिच्या मोबाइलचा होता. म्हणजे तिचाही थोडा होता, कशाला खोटं बोलू.

इवॉन राहते राजधानीत, माँटेव्हिडिओत, आठव्या मजल्यावर. तिचा बाप विल्मार इथे दुरास्नो गावात, अगदी माझ्या समोरच्या घरात, एकटा. वय अठ्ठ्याहत्तर, तब्येत ठणठणीत, पण विसरभोळा. गेल्या हिवाळ्यात हीटर चालू ठेवून बाजारात गेला. जळलं काही नाही, पण हा शहाणा फोनवर लेकीला ते सांगून बसला. पुढच्या रविवारी बाई खोकंभर सॉकेटं घेऊन हजर. हीटर, टीव्ही, रेडिओ, दिवा, किटली, एकेकाला वेगळं सॉकेट. कुठलं चालू, कुठलं बंद, ते तिला तिकडे मोबाइलवर दिसायचं, आणि तिथूनच ती पाहिजे ते चालू करायची, पाहिजे ते बंद करायची.

टीव्हीला तिने दोन तास ठरवून दिले, म्हणे डोळ्यांना त्रास होतो. एका दुपारी मॅच बरोबरीत सुटली, पेनल्टी सुरू झाल्या आणि टीव्ही गप्प. विल्मार सपाता फटफटवत माझ्या दारात.

"शेजारीणबाई, तुमच्या टीव्हीला कुणाची परवानगी लागते का?"

"माझी लागते," मी म्हटलं. "पाय पुसून या."

मॅच संपली, पण माणूस काही उठेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅते, म्हणजे आमचा पाल्याचा कडू चहा, प्यायला आला, तिसऱ्या दिवशीही आला, आणि मग येतच राहिला. माझा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. इतकी वर्षं मी भिंतीसमोर बसून मॅते पीत होते. समोर कुणी बसलं की बरं वाटतं, मला फार बरं वाटलं.

पण किटलीचा नियम होता. रोज सकाळी सातच्या आत विल्मारची किटली चालू झालेली इवॉनला दिसली पाहिजे. नाही दिसली, तर बापाला काहीतरी झालं असं समजून ती येणार आणि त्याला कायमचा माँटेव्हिडिओला घेऊन जाणार. त्यानेही मान डोलावली होती. तेव्हा तो आपल्याच घरी मॅते प्यायचा ना.

मग याने काय करावं? सकाळी उठून किटलीत कपभर पाणी घालायचं, बटण दाबायचं आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे यायचं. उकळायची त्याच्या घरात, प्यायची माझ्या घरात. तिकडे लेक खूश.

"अहो, सरळ सांगा ना तिला," मी म्हणायची.

"काय सांगू?"

"की शेजारणीकडे जातो."

"ती विचारेल, कशाला?"

"मग सांगा, कशाला ते."

यावर हा गृहस्थ खिडकीबाहेर बघायचा. असे तीन महिने गेले.

एका मंगळवारी माझी कंबर धरली. खुर्चीत बसले ती उठताच येईना. माझी खिडकी उघडली नाही हे बघून विल्मार साडेसहालाच मागच्या दाराने धावत आला. पाठीमागे उशी दिली, पाणी तापवलं, स्वतः मॅते केली. उकळतं पाणी ओतून पाला पार जाळला, मी त्यावरून त्याला झापलं, तो हसला. त्या सगळ्यात सात वाजून गेले.

सात वीसला समोरच्या घरात दिवा लागला. विझला. परत लागला, परत विझला. मग रेडिओ ओरडायला लागला, मग टीव्ही, मग दोन्ही एकदम. रिकाम्या घराने गल्ली डोक्यावर घेतली. पाववाला सायकल थांबवून बघत राहिला.

"विल्मार," मी म्हटलं, "तुमच्या घराला काय झालंय?"

तो खिडकीशी धावला. "इवॉन आहे ती. मला उठवतेय."

याचा फोन अर्थातच तिकडे घरात. गेला, आणि दहा मिनिटांनी परत येऊन मटकन बसला.

"निघालीय ती. बॅग भरून ठेवा म्हणाली. आज नेणार."

"भरली?"

"नाही."

"मग बसा गप."

मी तोऱ्यात बोलले खरी, पण मनात दुसरंच चाललं होतं. परत ती भिंत, परत मी.

दहाला इवॉन माझ्या स्वयंपाकघरात उभी. गाडीची किल्ली हातातच.

"नेलिदाबाई, तुम्हाला माहीत होतं हे?"

"तीन महिने."

"आणि मला एक फोन करावासा वाटला नाही?"

"का, तुझी सॉकेटं हुशार ना? त्यांनी नाही सांगितलं?"

ती भांडेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "सात वीस झाले होते. मी फोन करत होते, करत होते. मला वाटलं..." माझा सगळा राग तिथेच गळाला. पोरगी अडीच तास हाच विचार करत गाडी चालवत आली होती.

"बस," मी म्हटलं. "आधी मॅते घे."

मॅते पोकळ भोपळ्याच्या भांड्यातून, एकाच नळीने, आळीपाळीने प्यायची. भोपळा फिरायला लागला. इवॉन, विल्मार, मी, परत इवॉन. आमच्याकडे भोपळा परत देताना 'ग्रासियास', म्हणजे आभार, म्हटलं की पुरे झालं, पुढच्या फेरीत त्याला द्यायचं नाही. न बोलता दिला की आणखी हवंय. विल्मारने तिसरा परत दिला, चौथा दिला, पाचवा दिला. तोंडातून शब्द नाही. इवॉन मोजत होती.

"पप्पा, माझ्याकडे तुम्ही दुसऱ्या फेरीलाच ग्रासियास म्हणता."

विल्मारने भोपळ्यातली नळी नीट केली. "तुझ्याकडे तू उभ्याने पितेस, बाळा. घड्याळ बघत."

"आणि इथे किती पिता?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "तीन महिन्यांत एकदाही ग्रासियास म्हणाला नाही हा माणूस," मी म्हटलं. "पाणी संपतं म्हणून उठतो. आणि तू याला नेलंस तर मला चालणार नाही. झालं, सांगितलं."

विल्मारचे कान लाल झाले. इवॉनने मोबाइल काढला आणि एकेक नाव पुसायला लागली. दिवा, रेडिओ, टीव्ही.

"हीटर राहू दे," मी म्हटलं. "तो खरंच विसरतो."

किटलीवर तिचा अंगठा अडला. "मग मला कळणार कसं?"

"सातला हा माझ्या दारात नसला, तर मी जाऊन बघेन आणि तुला फोन करेन. मला वीस पावलं आहेत, तुला अडीच तास."

तिने किटली पुसली. किल्ली टेबलावर ठेवली, खुर्ची पुढे ओढली, राहिलेली मॅते सावकाश संपवली आणि भोपळा माझ्याकडे दिला. मी थांबले. ती काहीच बोलली नाही.

"विल्मार," मी म्हटलं, "पाणी ठेवा."