येशिमेबेतची अंधारखोली

कोठीचं दार आतून लावून येशिमेबेत पाच मिनिटं गप्प बसली. डोळे अंधाराला सरावले तशी मातीच्या भिंतीतलं एकेक भोक दिसायला लागलं. पत्र्याखाली दोन, कोपऱ्यात एक, बिजागरीशी दोऱ्याएवढी फट. हाताशी कालवलेल्या चिखलाचा गोळा होता. चाचपत जाऊन ती एकेक भोक बुजवत होती. सुईच्या टोकाएवढ्या उजेडानंही फोटोचा कागद काळवंडतो, हे चौदा वर्षांच्या कामानं तिला शिकवलं होतं. पण आज तिला बाहेरच्या उजेडाची तेवढी धास्ती नव्हती. धास्ती होती ती आतला लाल उजेड बाहेर दिसण्याची.

ही चौदा वर्षं तिनं अदिस अबाबाच्या पियासा भागात, मुसे हागोप नावाच्या आर्मेनियन म्हाताऱ्याच्या स्टुडिओत काढली होती. पुढच्या खोलीत तो फोटो काढायचा, मागच्या अंधारात ती ते कागदावर उतरवायची. राजा गेला, सैनिकांचं राज्य आलं, आणि हागोपनं गाशा गुंडाळून मुलाकडे परदेशी जायचं ठरवलं. जाताना त्यानं तिला एक जुना कॅमेरा, एक भिंग, कागदाची काही पाकिटं आणि औषधांचे डबे दिले. 'पगार द्यायला नाही, हे घे,' म्हणाला आणि तिच्या डोळ्यांकडे न बघता निघून गेला.

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, दुसरं काम येत नाही. मग तिनं स्वयंपाकघरामागची कोठी रिकामी केली. फोटो मोठा करायला दुधाच्या भुकटीच्या डब्यात दिवा बसवला, तळाला भोक आणि निगेटिव्हसाठी खाच पाडून त्याखाली भिंग अडकवलं, आणि ते धूड वर-खाली सरकावं म्हणून फळीत नळाचा एक तुकडा उभा ठोकला. लाल काच मिळाली मेर्काटोच्या भंगारबाजारात. कुठल्यातरी ट्रकच्या मागच्या दिव्याची होती. सणाला ज्यांत कोंबडीचं कालवण वाढायची, ती एनॅमलची तीन ताटं ओळीनं मांडली. एकात चित्र उठवणारं औषध, दुसऱ्यात व्हिनेगरचं पाणी, तिसऱ्यात चित्र पक्कं करणारं हायपो. मग कागदाच्या तुकड्यावर एक नाणं ठेवून तो लाल दिव्याखाली थोडा वेळ राहू दिला आणि औषधात बुडवला. नाण्याचा गोल उमटला. म्हणजे दिवा जास्त झाला. तिनं तो भिंतीकडे वळवला आणि पुन्हा करून पाहिलं. या खेपेला कागद पांढराच राहिला. त्या दिवशी किती महिन्यांनी ती एकटीच हसली.

गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. त्या दिवसांत ओळखपत्राशिवाय कुणाला घराबाहेर पाऊल टाकता येत नसे, आणि ओळखपत्राला फोटो लागे. केबेले म्हणजे मोहल्ल्याची समिती. तिचे रक्षकसुद्धा अंगणातल्या पांढऱ्या चादरीसमोर बसून फोटो काढून गेले. तरी तिची धास्ती कधी गेली नाही. शहरभर झडत्या चालू होत्या. सरकारविरुद्धची पत्रकं कोण छापतं, याचा शोध चालला होता. पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरांना टाइपरायटरच्या फितीपायी नेलं, ते परत आले नाहीत. आणि तिच्या कोठीत तर बाटल्या होत्या, वास होता, लाल दिवा होता. रात्री संचारबंदी, तेव्हा फटीतून उजेड दिसला तर संपलंच. म्हणून ती काम भर दिवसा करायची, नळावर बायकांचा गलका चालू असताना. तरी कुत्रं भुंकलं की दिवा विझवून कानोसा घ्यायची.

एका सकाळी देब्रितू आली. दोन घरं सोडून राहणारी, इंजेराच्या पोळ्या भाजून विकणारी ही बाई येशिमेबेतपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. तीन महिन्यांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा सेलेशी पहाटे रस्त्याच्या कडेला मरून पडलेला सापडला होता. तंत्रशाळेत शिकत होता. प्रेत तिला दिलं नाही. शोकाचा तंबू घालायचा नाही, काळं नेसायचं नाही, रडायचं नाही, असं केबेलेवाले बजावून गेले. देब्रितू दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी इंजेरा घेऊन बाजारात बसली. गल्लीतल्या कुणीही तिला काही विचारलं नाही. येशिमेबेतनंही नाही.

देब्रितू दारातच टेकली. झडतीत त्याच्या वह्या नेल्या, भिंतीवरचे फोटोही नेले, असं म्हणाली. मग आवाज खाली आणला.

"त्याचा चेहरा विसरत चाललेय मी, येशी. काल पीठ कालवताना आठवायला गेले, तर त्याच्या बापाचं नाक आलं."

येशिमेबेतनं तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"तुमच्या स्टुडिओत त्यानं शाळेच्या कार्डाचा फोटो काढला होता. त्याचं काही उरलंय का गं?"

"नाही, एतेते," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं येशिमेबेत म्हणाली. "मुसे गेला तेव्हा सगळं जाळून टाकलं."

देब्रितूनं मान हलवली. "बरं केलंस. तू तरी कुठे ठेवणार?" म्हणाली आणि गुडघ्यावर हात रोवून उठली.

हागोपनं मागे ठेवलेला स्टुडिओतल्या निगेटिव्हचा खोका मात्र पलंगाखालीच होता. देब्रितू चिडली असती, रडली असती, तर सोपं गेलं असतं. ते 'बरं केलंस' मात्र कानातून जाईना. तीन दिवस तिनं खोक्याकडे पाहिलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी दार लोटून तो बाहेर ओढला.

सेलेशी नखाएवढा होता. केस पांढरे, चेहरा काळा, जसा निगेटिव्हमध्ये दिसतो तसा. तिनं तो तुकडा कापून डब्याखालच्या खाचेत सरकवला. आधी कागदाच्या एका पट्टीवर अंदाज घेतला. पट्टीवर कपाळ आणि डोळे एवढंच आलं. ती पट्टी हायपोच्या ताटात टाकून तिनं नवा कागद हातात घेतला, तोच अंगणाचं फाटक वाजलं.

पाठोपाठ स्वयंपाकघरातच पावलं आली. कागद पाकिटात सारून, लाल दिवा विझवून ती बाहेर आली आणि कोठीचं दार मागे ओढून घेतलं.

दोघं होते. एक तिलाये, केबेलेचा रक्षक. याच गल्लीत सायकलींची पंक्चरं काढत मोठा झालेला, खांद्यावर बंदूक त्याला अजून शोभत नव्हती. दुसरा अनोळखी, चष्मेवाला, हळू बोलणारा. त्या हळू आवाजाचीच तिला जास्त भीती वाटली. त्यांनी गादी उलटी केली, खोक्यातल्या जुन्या निगेटिव्ह चिवडल्या, धान्याच्या पोत्यात सळई खुपसली. मग चष्मेवाल्यानं नाक वर करून वास घेतला आणि कोठीचं दार ढकललं.

"इथे काय छापतेस?"

"फोटो छापते. तिलायेला विचारा, केबेलेचे फोटो मीच केलेत."

तिलायेनं मान डोलावली.

"मग आमच्यासमोर छापून दाखव," चष्मेवाला म्हणाला.

तिघं आत शिरले, दार लागलं. येशिमेबेतनं लाल दिवा लावला नाही. आधी डोळे अंधाराला सरावू द्यावे लागतात, नाहीतर काही दिसत नाही, असं तिनं सांगितलं. ते खोटं होतं. पण चौदा वर्षांत पहिल्यांदाच ती अंधारात कुणासाठी तरी खोटं बोलत होती, आणि अंधार तिच्या ओळखीचा होता. तिनं खाचेतला सेलेशी बाहेर ओढला. चोळीला खिसा नाही, फळीवर ठेवला तर दिसणार. चष्मेवाल्याचा श्वास तिच्या मानेवर येत होता. तिनं तो तुकडा तोंडात घातला आणि जिभेनं गालात सरकवला. मग उजवीकडच्या खिळ्यावर चिमट्याला लटकलेली निगेटिव्हची पट्टी चाचपली. ती रक्षकांच्या फोटोंची होती, एवढं तिला ठाऊक होतं. त्यातला कोण खाचेत आला, ते मात्र ठाऊक नव्हतं.

लाल दिवा लागला.

"रोज किती छापतेस?"

"वीस... कधी पंचवीस."

चष्मेवाल्यानं तिच्याकडे वळून पाहिलं. "तोंडात काय आहे?"

लाल उजेडात त्याच्या चष्म्याच्या काचा तेवढ्या दिसत होत्या. "दाढ दुखते," ती म्हणाली. "लवंग धरलीय."

त्यानं चष्मा वर सारला आणि म्हणाला, "माझी बायकोपण हेच करते. दाढ काढून टाक, नुसत्या लवंगेनं जात नाही."

तिनं कागदावर उजेड पाडला, मनात आकडे मोजले आणि कागद पहिल्या ताटात सोडला. आधी काहीच नाही. मग दोन डोळे आले, मग भुवया, टोपीची कड. चष्मेवाला वाकून बघत होता. ताटातून तिलाये वर येत होता, डोळे विस्फारलेले, कुणीतरी मागून हाक मारल्यासारखा.

"फोटोत कसला घाबरलायस रे," चष्मेवाला हलकेच हसला.

तेवढ्यात येशिमेबेतची नजर तिसऱ्या ताटाकडे गेली. हायपोत सेलेशीची पट्टी तरंगत होती, तोंड वर करून. कपाळ आणि डोळे. ती पट्टी ती साफ विसरली होती. आणि त्या ताटाशी तिलाये उभा होता. तो खाली बघत होता. तिलाये आणि सेलेशीला एकाच मैदानात फुटबॉल खेळताना तिनं पाहिलं होतं. आता तो बोलणार, एवढंच तिला कळत होतं.

"इथून पुढे यात टाकायचा ना, एतेते?" तिलायेनं विचारलं. उत्तराची वाट न बघता त्यानं आपला ओला फोटो हातानंच उचलला, व्हिनेगरातून काढला आणि तिसऱ्या ताटात त्या पट्टीवर पालथा घातला. वर बोटांनी नीट दाबला.

"पुरे," चष्मेवाला म्हणाला. "उद्या केबेलेत येऊन या दिव्याची नोंद कर."

ते गेले. तिनं फाटकाची कडी लावली, मोरीशी बसली आणि तोंडातला तुकडा तळहातावर काढला. थुंकीनं निगेटिव्हचा पापुद्रा फुगून एका बाजूनं सुटला होता. सेलेशीचा उजवा खांदा गेला होता. चेहरा शाबूत होता.

पुढे कित्येक दिवस फाटक वाजलं की तिला वाटे, आता आले. तिलायेनं चेहरा ओळखला होता की नाही, हे तिला कधीच कळलं नाही. नंतर त्याला पूर्वेकडच्या लढाईवर धाडल्याचं ऐकू आलं. त्याचा फोटो दुसराच कुणी रक्षक येऊन घेऊन गेला.

दिव्याची नोंद झाली, शिक्का मिळाला. त्यानंतर आठवड्यानं येशिमेबेत देब्रितूकडे चाळण मागायला गेली आणि तिला सोबत घेऊन आली. कोठीत नेलं, दार लावलं, काहीच सांगितलं नाही. कागद ताटात सोडला.

देब्रितू वाकली. डोळे आधी आले. ती ताटाची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. येशिमेबेतनं फोटो हायपोत टाकला, मग धुतला आणि तिच्या हातात दिला. पाणी देब्रितूच्या कोपरावरून ठिबकत होतं.

"खांदा गेलाय, एतेते. चूक माझी."

"नाक त्याचंच आहे," देब्रितू म्हणाली. मग तिनं विचारलं, "इथला आवाज बाहेर जातो?"

"थोडासा."

"मला जरा इथेच राहू दे. दिवा घालव."

येशिमेबेतनं दिवा घालवला, बाहेर येऊन दार लावलं आणि दाराला पाठ लावून स्टुलावर बसली. सुपात मसूर घेतली आणि निवडायला लागली. नळावरून परतणारी एक शेजारीण फाटकाशी थांबली, आज काय बेत म्हणून तिनं विचारलं. मसुरीचं कालवण, येशिमेबेत म्हणाली. पाठीमागे दार हलकं थरथरत होतं. तिनं मसूर जोरजोरात पाखडली, शेजारीण जाईपर्यंत पाखडत राहिली.

मसूर निवडून झाली. आतले हुंदके अजून थांबले नव्हते. येशिमेबेतनं निवडलेली मसूर पुन्हा सुपात ओतली आणि पहिल्या दाण्यापासून निवडायला घेतली.