पितळेची सळई आणि दामिनीची मान

पवनीच्या घाटाकडच्या मैदानात त्या गुरुवारी उभं राहायला जागा नव्हती. लाखांदूरची एसटी आली की निम्मी गाडी तिथंच रिकामी होई. डोक्यावर भारे वाहून माना आखडलेल्या बाया सगळ्यांत पुढे, हातमागावर वाकून वर बघणं विसरलेले विणकर त्यांच्या मागे, आणि ज्यांना काहीच दुखत नव्हतं ते सगळीकडे.

मधोमध धुनी. धुनीत लाल निखारे, आणि निखाऱ्यांत पुरलेल्या पितळेच्या सळया. पेन्सिलीहून थोड्या जाड, दीड हात लांब. "रातभर अग्निस्नान होते यायचं," महाराजांचा चेला सांगत होता. "मंग यायच्यात वज्र उतरते."

वज्रकंठ महाराजांची मान खरोखरच बैलासारखी होती. आवाजाला लाउडस्पीकरची गरज नव्हती, तरी तो होताच.

"बच्चा, गर्दन म्हंजे मकानाचा खंबा! खंबा हल्ला का मकान पडलं! आन् डॉक्टर काय देते? पट्टा! बैलाले पट्टा, कुत्र्याले पट्टा, आता माणसालेई पट्टा?"

लोक हसले. मीही हसले.

मग महाराज उठले. निखाऱ्यातून काढून निववलेली एक सळई त्यांनी उचलली, दोन्ही हातांनी कुरवाळली, तिचं एक टोक लाकडी खांबाच्या खाचेत बसवलं. दुसऱ्या टोकावर तांब्याचा जुना पैसा ठेवून तो स्वतःच्या गळ्याशी टेकवला. "शंभो!" अशी आरोळी देऊन ते पुढे सरकले. सळई कमानीसारखी वाकली, वाकतच गेली, आणि गळा जसाच्या तसा.

बायांच्या तोंडून एकदम "माय व!" निघालं.

"आता कोण सरळ करते इले?" महाराजांनी वाकडी सळई गर्दीत फेकली. धानाच्या गिरणीत पोती उचलणारा भैय्यालाल पुढे आला. त्यानं गुडघा लावला, दात खाल्ले, मानेच्या शिरा फुगवल्या. सळई जेमतेम हलली.

"अबे, काय पितळ हाये का काय हाये हे!" तो हात झटकत म्हणाला.

"पितळच हाये, बच्चा. पन गळ्याची ताकद हाताले नाही येत!"

शेजारच्या कुंताबाईनं माझा दंड दाबला. "पाह्यलं व शोभा? देव उभा हाये तुया पुढं. पोरीले आज आनलं नाहीस तं कधी आनशीन?"

पोरीला मी आणलं होतं. माझ्या मागेच उभी होती, डोकं एका बाजूला किंचित कललेलं.

दामिनी माझी एकुलती एक. अकरावीत होती आणि कबड्डी खेळायची. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून भंडाऱ्याच्या संघात आपल्या भागातल्या पोरींना जागा मिळू लागली होती, आणि निवड रविवारी होती. आदल्या आठवड्यात सरावात ती मानेवर पडली. शाळेचे धम्मदीप सर तिला सायकलवर बसवून घरी घेऊन आले आणि दारातच म्हणाले, "ताई, हिला आधी डॉक्टरला दाखवा. ते हो म्हणेपर्यंत मैदान नाही."

"पन सर, निवड?" दामिनी रडवेली झाली.

"निवड पुढल्या वर्षी बी येते. मान दुसरी नाही येत."

ते शब्द तिला लागले. दामिनीच्या बाबांनाही लागले. आमचं भांड्यांचं दुकान. दुकानात येणारा प्रत्येक जण महाराजांचं सांगे. "कृष्णराव, डॉक्टर महिनाभर झोपवून ठेवीन. महाराज एका गुरुवारात उभं करतात." मी देवाधर्माची बाई. गुरुवार माझा उपासाचा, संध्याकाळचा दिवा कधी चुकला नाही. महाराजांसारख्या साधुपुरुषाला नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

महाराजांनी दामिनीच्या मानेवर बोट फिरवलं. ती त्यांना हळूच काहीतरी म्हणाली, आणि त्यांनी डोळे मिटले. "सावली बसली हाये. मजबूत सावली." त्यांनी डोळे उघडले. "पन पोरगी मर्दानी हाये. आजच वज्र घेईन ते. सळई गळ्यानं वाकवली का सावली मोडली. रविवारी मैदान मारीन!"

मग तिच्या कानाशी वाकून ते काहीतरी बोलले. दामिनीचा चेहरा पांढरा पडला. "काय म्हणाले?" मी विचारलं. तिनं मान हलवायचा प्रयत्न केला आणि तोंड आवळलं. "सांगायचं नाही म्हणाले."

"बाबा, लेकरू लहान हाये," मी हात जोडून म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नसेल.

त्यांना आला. "आई, पोरीचं नाव धुनीपुढं घेतलं हाये. आता मागं फिरली तं मान कायमची उतरन. मले दोष देऊ नका."

पुढे जाऊ द्यावं तर पोरीचा गळा, मागे ओढावं तर शाप. दामिनीचे बाबा म्हणाले, "भेते काहून? एवढ्या लोकायले बरं वाटलं." पण त्यांच्याही कपाळावर घाम होता.

तेवढ्यात गर्दीतून धम्मदीप सर वाट काढत आले. कुणीतरी शाळेत सांगितलं असावं. "ताई, काय करून राहिले तुम्ही? तिच्या मानेला जोर लावायचा नाही, हे मी सांगितलं होतं ना?"

"मास्तर, तुमच्यात देव नाही मानत," कुंताबाई तोडून बोलली. "आमाले शिकवू नका."

"काकू, देवाचं काही म्हणतच नाही मी. सळईचं म्हणतो." ते माझ्याकडे वळले. "मान मजबूत होते ना, ताई. मीच करवून घेतो पोरींकडून. ताठ बसायचं, तळहात कपाळाला लावायचा, डोक्यानं हाताला हळू ढकलायचं आणि हातानं डोक्याला. डोकं जागचं हलू द्यायचं नाही, श्वास कोंडायचा नाही. मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. पण ते निरोगी मानेला. दुखऱ्या मानेला आधी विश्रांती. आणि झटका तर कोणाच्याच मानेला नाही."

"एवढ्यानं होते?" दामिनीच्या बाबांनी विचारलं.

"एवढ्यानं, रोज थोडं थोडं, काही महिने. म्हणून तर कोणी पाहायला येत नाही."

महाराज माइकवर हसले. "मास्तर कपाळाले हात लावाले शिकवते! कपाळाले हात तं नशीब फुटल्यावर लावतात, बच्चा!" हशाचा मोठा लोट आला. सरांचा आवाज त्यात बुडाला, आणि दोघा-तिघांनी त्यांना खांद्याला धरून मागे सारलं.

त्या दिवशी गर्दी इतकी होती की महाराजांनी एकामागून एक भक्तांकडून सळया वाकवून घेतल्या. प्रत्येकाच्या सळईवरून ते आधी हात फिरवत आणि मधोमध अंगठा दाबत. चार धडधाकट माणसांनी वाकवल्या, लोक नाचले, आणि धुनीतल्या सळया संपल्या. दामिनीची पाळी आली तेव्हा निखाऱ्यांत काही उरलं नव्हतं.

चेल्यानं महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी धुनीकडे पाहिलं, मग गर्दीकडे. गर्दी दामिनीच्या नावानं ओरडत होती. त्यांच्या डोळ्यांत मला भीती दिसली. पण ती भीती माझ्या लेकीसाठी नव्हती. एवढी माणसं हातची जातील, याची ती होती.

"चालन," ते पुटपुटले.

चेल्यानं पडलेल्या सळयांतली एक उचलली, मागच्या दगडावर ठेवली आणि हातोडीनं सरळ करू लागला.

टण्. टण्. टण्.

लोकांना तो आवाज ऐकूही आला नसेल. मला आला. माझं माहेर भंडाऱ्याचं. वडिलांची पितळी भांड्यांची भट्टी होती, आणि माझं बालपण त्या ठोक्यांत गेलं. पत्रा भट्टीतून ताजा निघाला की ठोका बसतो तो बसका, चिखलात पडल्यासारखा. ठोकत गेलं की पितळ कडक होतं आणि खणखणायला लागतं. असं खणखणलं की बाबा हात थांबवत. "आता हे ऐकणार नाही, पुन्हा तापवा," म्हणत. तेव्हाच थांबले नाहीत तर पत्रा तडकायचा.

ही सळई खणखणत होती.

म्हणजे रात्रभराचं अग्निस्नान वज्र उतरवायला नव्हतंच. निखाऱ्यात तापून पितळ मऊ पडत होतं. मऊ होती म्हणून ती गळ्याशी वाकली. वाकताना कडक झाली म्हणून भैय्यालालला सरळ होईना. आणि ही, एकदा वाकलेली, हातोडीनं सरळ केलेली, धुनीत न गेलेली सळई आता माझ्या लेकीच्या गळ्याशी येत होती. ही सहज वाकणार नव्हती. वाकली नाही तर जोर कुठं जाणार?

दामिनी खांबापाशी पोचली होती. चेला तिच्या गळ्याशी पैसा धरत होता. महाराजांचा हात तिच्या पाठीवर होता, पुढे लोटायला.

आयुष्यात मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. कीर्तनातही माझा आवाज शेजारणीपुरताच. त्या क्षणी घशातून काय निघालं ते मलाही नीट ऐकू आलं नाही, पण मैदान थांबलं. मी धावत जाऊन सळई दोन्ही हातांनी धरली.

"हे कच्ची हाये!" मी ओरडले. "आगीत गेली नाही हे! माया पोरीच्या गळ्यात घुसन!"

"बाईच्या अंगात आलं," महाराज माइकवर म्हणाले. "बाजूले करा."

"अंगात काही आलं नाही, महाराज. मी कासाराची पोरगी हाव. पितळेचा आवाज मले समजते." मी सळईवरची मूठ सोडली नाही. "तुम्ही खरे असान तं हेच सळई आता तुमच्या गळ्यानं वाकवून दाखवा. आगीत न टाकता."

एवढंच मी म्हणाले. महाराजांनी सळईला हातही लावला नाही. ते पाहून गर्दीच्या पुढच्या रांगांचं मन फिरलं.

धम्मदीप सर पुन्हा पुढे आले. या वेळी त्यांना कुणी अडवलं नाही. "कोणाच्या गळ्याची गरज नाही," ते म्हणाले. पाणपोईजवळचं एक रिकामं मडकं त्यांनी मागवलं आणि भैय्यालालच्या हातात दिलं. "दादा, हे पोटाशी धर. पैसा मडक्याला लाव, सळईचं एक टोक खांबाच्या खाचेत आणि दुसरं पैशाला लाव, आणि चल पुढे. आपला गळा समज."

भैय्यालालनं महाराजांकडे एकदा पाहिलं आणि पाऊल टाकलं. सळई किंचित थरथरली. दुसऱ्या पावलाला मडकं फुटलं. खापऱ्या त्याच्या पायांवर पडल्या आणि पैसा गडगडत दामिनीच्या चपलेजवळ येऊन थांबला.

कुंताबाईनं पदर तोंडाला लावला.

"आता तेच सळई धुनीत टाका," मी म्हणाले. "लाल होऊ द्या. मंग निवू द्या."

लोक थांबून राहिले. भैय्यालालनंच निखारे फुंकले. उदबत्ती जळून जावी इतका वेळ गेला असेल. सळई लाल झाली, बाहेर काढली, पाण्यात बुडवली. लोखंड असं पाण्यात टाकलं की कडक होतं. पितळ मऊच राहतं. सरांनी सळईच्या मधोमध अंगठा दाबून तिला नजरेत न भरेल इतका बाक दिला, जसे महाराज देत. "वाकायला वाट आधीच करून ठेवतात," ते म्हणाले. दुसरं मडकं आलं. भैय्यालाल पुढे चालला, आणि सळई वाकली. कमानीसारखी, वाकतच गेली.

मडकं जसंच्या तसं.

"मडक्यात बी वज्र उतरलं का व?" मागून एक म्हातारी बोलली. त्या दिवशी पहिल्यांदाच लोक महाराजांवर हसले.

महाराज म्हणाले, ही देवाची परीक्षा होती. महाराज म्हणाले, बाईच्या संशयानं शक्ती भंगली. त्यांनी बरंच काही म्हटलं, पण लाउडस्पीकरची तार कुणीतरी काढली होती, आणि लोक आपल्या दुखऱ्या माना सांभाळत मैदानातून निघाले होते.

मी दामिनीला खाली बसवलं. तेव्हा ती रडली, आणि रडताना म्हणाली, "आई, सोमवारपासून माया डाव्या हाताची बोटं बधिर होऊन राहिली. महाराजांनी मान चाचपली तेव्हाच त्यायले सांगितलं मी. तं ते कानात म्हणले, कोणाले सांगशीन तं वज्र नाही चढणार."

आम्ही तिला त्याच पावली भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, बराच वेळ पाहिला, आणि मानेला पट्टा लावला. "बोटांना मुंग्या येत असताना मानेवर जोर लावला असता तर हात गेला असता," ते म्हणाले. "किंवा त्याहून जास्त."

रविवारची निवड गेली. काही आठवड्यांनी पट्टा निघाला. मग डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, सरांच्या देखरेखीखाली, तळहात कपाळाला लावून ढकलणं सुरू झालं. हनुवटी हळूच मागे ओढायची, खांदे मागे घ्यायचे, दुखलं की थांबायचं. सुरुवातीला फारच थोडं. मी शेजारी बसून जपमाळ ओढते, ती शेजारी बसून मान घडवते. दोन्ही कामं रोजची आहेत आणि दोन्हींत गंमत काहीच नाही.

बायांनो, हे मी तुमच्यासाठी लिहिते, कारण त्या मैदानात पुढच्या रांगेत आपणच होतो. देवावर श्रद्धा ठेवा. मीही ठेवते, ती मला कुणी सोडायला सांगितली नाही. पण मान दुखली, हाताला मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली, तर दवाखान्यात जा. कुणाकडून मानेला झटका देऊन घेऊ नका. आगीत काय टाकलं, बाहेर काय काढलं, ते डोळे उघडे ठेवून बघा आणि विचारा. आणि जो कुणी तुमच्या लेकराच्या कानाशी वाकून म्हणेल, "आईला सांगू नको," त्याच्या अंगावर भगवं असो की पांढरं, त्याचा हात आधी लेकराच्या पाठीवरून काढा.